बुजवलेली उघाडी

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय – का, ते विचारू नका.

नव्वदच्या दशकात मी बेलापूरच्या एका ऑफिसात बागांची आखणी करायचे. पहिलीच मोठी बाग मिळाली, खाडीलगतची. चिनी बागांनी मला तेव्हा वेड लावलं होतं. त्या लोकांची एक युक्ती – कुंपणापलीकडचा डोंगर, पाणी नजरेने असं आत ओढायचं, की ते बागेचंच वाटावं. मला खाडी हवी होती. बाकावर बसलं की थेट पाणी! आणि मध्ये उभी तिवरं – खारफुटीची दाट रांग.

तोडायला परवानगी नव्हती. पण तोडायचीच कशाला? बांधात एक उघाडी होती, भरतीचं पाणी आत घेणारं जुनं दगडी तोंड. त्या पाण्यावर ती झाडं जगत होती. मला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

भरावाचं काम चालू होतं. रखवालदार काशिनाथ जेवायला गावात गेलेला. मी डंपरवाल्याला उघाडीकडे हात केला – "इथेच ओत." मागून दुसरा आला, त्यालाही तेच. उघाडी दिसेनाशी झाली.

उन्हाळा सरेस्तोवर तिवरांच्या करड्या काड्या झाल्या. गावाने तक्रार केली. त्यांचे खेकडे, चिखलातली निवटी मासळी, सगळंच गेलं होतं. माती उकरली तेव्हा बुजलेलं तोंड सापडलं. बाहेरचे डंपर काशिनाथनेच पैसे खाऊन परस्पर आत सोडले, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावलं.

"सायेब, आमी कशाला बुजवू? आमचीच निवटी हायत तिथं." मग तो माझ्याकडे वळला. "म्याडमना इचारा. त्या रोज येतात. त्यांना ठावं हाय."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. काशिनाथही. एक वाक्य – एकच वाक्य पुरलं असतं. माझ्या घशात ते आलं होतं, शप्पथ. पण नोकरी? बाग? माझं नाव?

"मला काही कल्पना नाही," मी म्हटलं.

त्याच दिवशी त्याला काढलं. चौकीवर हेलपाटे घालायला लागले, ते वेगळेच. गावातही लोक त्याच्याशी धड बोलेनात – त्यांच्या खाडीचा घास त्यानेच घालवला होता ना! इकडे बागेचं उद्‌घाटन झालं. वाळकी झाडं काढलेली, समोर लख्ख पाणी. पाहुण्यांनी वाहवा केली. हार मी गळ्यात घालून घेतला.

पुढे काही वर्षांनी सानपाड्याच्या बाजारात तो समोर आला. मी वळणार, तोच त्याने हाक मारली. बायकोला पुढे करून म्हणाला, "याच त्या म्याडम. समदे माझ्यावर उठले, पन यांनी माझ्याबद्दल वंगाळ सबूद काढला नाय."

तिने मला वाकून नमस्कार केला.

आणि मी – मी तो करू दिला.