बाबांनी ऐकलेला राजीनामा

बिझनेस स्कूलच्या अर्जात चार निबंध लिहायचे होते. तिसरा असा होता: तुम्ही स्वतःहून घेतलेल्या एका मोठ्या निर्णयाबद्दल लिहा. मी त्रेचाळीस वर्षांची, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आणि या एका प्रश्नासमोर तीन रविवार नुसती बसून राहिले. नोकरी बाबांनी ठरवली होती. लग्न दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी. गाझियाबादचा फ्लॅट नवऱ्याने, कारण त्याचं ऑफिस तिथून जवळ. शेवटी मी सेक्शनमधल्या जुन्या फायली लावण्याची पद्धत बदलल्याची गोष्ट फुगवून लिहिली. खरं सांगायचं तर तो निर्णयही साहेबांचा होता.

कोर्स एका वर्षाचा, पूर्णवेळ, निम्मी नोकरी उलटल्यावर वाट बदलू पाहणाऱ्यांसाठीच काढलेला. ऑफिसात वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या टिपणांवर टिपणं लिहीत आले होते. आपली सही आता आपल्यालाच ओळखू येत नाही, असं एक दिवस वाटलं आणि मी अर्ज डाउनलोड केला. नवरा म्हणाला, "भरून तर बघ यार, कोण अडवतंय?" अडवणारे बाबा होते, म्हणून मी त्यांना सांगितलंच नाही.

बाबा तरुणपणी सांगलीहून दिल्लीला क्लार्क म्हणून आले आणि अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाले. मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. कॉलेज संपलं तेव्हा मला मॅनेजमेंटला जायचं होतं. प्रवेश परीक्षेचा फॉर्मही मी आणून ठेवला होता. तो घरात कुठेतरी हरवला. त्याच आठवड्यात बाबांनी सरकारी परीक्षेचा फॉर्म आणला, स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला आणि मला फक्त सही करायला सांगितली. रुजू व्हायच्या दिवशी ते मला स्कूटरवरून सोडायला आले आणि गेटवरच्या गार्डलासुद्धा त्यांनी पेढा दिला.

आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. संध्याकाळी मी चपला काढत असतानाच विचारायचे, "आज काय निघालं ऑफिसात?" त्यांना माझ्या ऑफिसातल्या बदल्या, बढत्या, भांडणं सगळं तपशिलात लागायचं. असल्या माणसाला काय सांगणार, की तुम्ही लावून दिलेली नोकरी मला नको झालीय? मी सांगत होते ते फक्त बदल्यांबद्दल. लेखी परीक्षा झाली, अर्ज गेला, मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं, तरी हे घोंगडं भिजतच होतं.

घरात बाबांचा एकच कडक नियम होता: मराठीच बोलायचं. माझी मुलगी सोळा वर्षांची, शाळेत आणि सोसायटीत दिवसभर हिंदीत. तिच्या तोंडून एखादं हिंदी वाक्य निघालं की बाबा चष्मा पुसत बसायचे, ऐकूच आलं नाही असं दाखवत. म्हणून ती बिचारी हिंदी शब्दाला मराठी क्रियापद लावून आजोबांसमोर उभी राहायची, आणि बाबा खूश व्हायचे.

जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, बाबांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. नेमकं त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आमचं बिनसलं. त्यांच्या बाथरूमचं पाणी वर्षभर आमच्या छतातून झिरपत होतं. शेवटी नवऱ्याचा आवाज चढला, त्यांचाही चढला, आणि प्रकरण पोलीस चौकीत गेलं. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. चौकीतले साहेब दोघांचं ऐकून कंटाळले आणि म्हणाले, "मैडम, बाल-बच्चों वाले लोग हो, राज़ीनामा लिख दो, बात ख़त्म।" चौकीतल्या हिंदीत राज़ीनामा म्हणजे आपसातली तडजोड, दोन्ही बाजू राजी असल्याचा कागद. मसुदे लिहिण्यात हात बसलेला, म्हणून तो मीच लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. त्या दिवशी मला इस्पितळात जाता आलं नाही, मुलगी क्लासवरून परस्पर आजोबांना भेटून आली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. ऑक्सिजनची नळी जरा बाजूला करून म्हणाले, "राजीनामा दिलास म्हणे."

पोरीच्या पोटात काही राहत नाही, हेच पहिल्यांदा माझ्या मनात आलं. "हो, काल दिला," मी म्हटलं. "संपली एकदाची कटकट."

"साहेब काय म्हणाले?"

"त्यांनीच लिहायला लावला."

"अडवलंसुद्धा नाही?"

"कशाला अडवतील? आणि वर्षभर सहन केलं मी, बाबा."

"वीस वर्षं," ते म्हणाले.

मी मोसंबं सोलत होते, ते हातातच राहिलं.

"कॉलेजचा कागद मी पाहिला होता," बाबा म्हणाले. "प्रिंटरवर राहिला होता तुझा. वाट बघत होतो, तू सांगशील म्हणून." त्यांना धाप लागली. मी नळी नीट केली, त्यांनी ती पुन्हा सरकवली. "विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस. बरं केलंस."

नंतर मुलीला विचारलं तेव्हा सगळं कळलं. आई का नाही आली, असं आजोबांनी विचारलं आणि तिने नियमाप्रमाणे शुद्ध मराठीत सांगितलं, "आई राजीनामा द्यायला गेली होती. आता सगळं ठीक आहे." नोकरी सोडण्याला ती इस्तीफ़ा म्हणते, नाहीतर रिझाइन. आपल्या भाषेत राजीनामा म्हणजे तेच, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मुलीवर रागावण्यात काही अर्थ नव्हता. तरी मी रागावले.

पण त्या क्षणी, बाबांच्या पलंगाशी, बाबा नोकरीच्या राजीनाम्याबद्दल बोलताहेत हे मला कळून चुकलं होतं. एका वाक्याचं काम होतं: बाबा, तो राजीनामा नव्हे, शेजाऱ्यांचं भांडण मिटलं. मी ते वाक्य उच्चारलं नाही. तब्येतीची काळजी, धक्का बसेल, असलं काही मनात नव्हतं. मला पुढचं ऐकायचं होतं.

"तुझा तो फॉर्म हरवला नव्हता," बाबा म्हणाले. "मी कपाटावर ठेवला होता. तू शोधत होतीस तेव्हा मी तुझ्याबरोबर शोधल्याचं नाटक केलं." मग त्यांनी माझ्या हातातलं मोसंबं घेतलं आणि एक फोड मलाच दिली.

मी रडले. त्यांना वाटलं असणार, माफ केलं म्हणून रडतेय. माफ तर केलंच होतं, पण रडू त्याचं नव्हतं. आयुष्यभर मला त्यांचा एक होकार हवा होता, आणि तो मिळाला तो न केलेल्या गोष्टीसाठी. खरं करून दाखवू, मग खोटं उरणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. चार दिवसांनी सकाळी बाबा गेले.

तेराव्याला सांगलीहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. पानं वाढून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादाचा इस्पितळातून फोन आला होता मला. म्हणाला, पोरीने नोकरी सोडली गं, माझ्यात नव्हती ती हिंमत तिच्यात आहे. किती वर्षांनी त्याचा आवाज असा ऐकला मी." आत्याचे डोळे भरले होते. तिला काय सांगणार होते मी? मी म्हटलं, हो.

फेब्रुवारीत मुलाखत झाली. आत्ताच का, असं विचारल्यावर वडिलांची परवानगी आत्ता मिळाली, असं माझ्या तोंडून निघून गेलं. समोरची तीन माणसं हसली, त्यांना तो विनोद वाटला. प्रवेश मिळाला. मी अभ्यास रजेचा अर्ज टाकला आणि माझीच फाइल टेबलाटेबलांवरून फिरून परत आली: विषयाचा कार्यालयाच्या कामकाजाशी संबंध नाही. आता खरा राजीनामा तेवढा उरला.

तीन ओळींचा मजकूर. दुसऱ्यांचे असे कितीतरी मी मंजुरीसाठी वर पाठवले आहेत. टाइप केला, प्रिंट काढला, खणात ठेवला. मुलीचं बारावीचं वर्ष तोंडावर आलं होतं, नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं, पेन्शनची बाब होतीच. विचारणाऱ्यांना मी ही कारणं देते आणि ती सगळी खरी आहेत. पण ती नसती तरी मी दुसरी शोधली असती. मी घाबरले. प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस कामाचा वार होता. त्या दिवशी मी खुर्च्यांच्या खरेदीवर दोन पानी टिपण लिहिलं आणि साहेबांनी त्यात एकही खूण केली नाही.

खणातला कागद नंतर फाडून टाकला. नवऱ्याला आणि मुलीला तसं सांगितलं. आत्याला मात्र अजून सांगायचं राहिलंय. ती महिन्यातून एकदा फोन करते, बहुतेक दुपारी, कारण कॉलेजच्या मुलांना दुपारी सवड असते अशी तिची समजूत आहे. मी टेबलावरून उठते, मागे कुणी फाइल मागायला नको म्हणून लिफ्टपलीकडच्या खिडकीशी जाते.

"अभ्यास कसा चाललाय गं?" आत्या विचारते. "दादा असता तर रोज विचारलं असतं त्याने."

"चाललाय, आत्या," मी म्हणते.