माशाची जळजळ

चेन्नईत मैलापूरला देवळामागे शोभेच्या माशांचं दुकान होतं. त्याचा मालक प्रत्येक माशाकडे एक डोळा मिटून बघायचा. दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी पन्नाशीची, पोरांना दरडावणारी शाळेतली बाई, पण लघवीची जळजळ डॉक्टरला सांगायला लाजत होते. अशात आमचा गोल्डफिश पोट वर करून तरंगायला लागला, म्हणून त्याला बरणीत घालून तिथे गेले.

"याची आतली हवेची पिशवी बिघडलीय, अम्मा. तीन दिवस उपास, मग उकडून सोललेला वाटाणा."

मी धीर करून म्हटलं, "याला लघवीला जळजळपण होते हो. सारखं जावं लागतं."

त्याने मिटलेला डोळा उघडला. आधी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अम्मा, हा चोवीस तास पाण्यात. सारखा जातो, हे कुणी मोजलं?"

त्याने ओलं बोट लुंगीला पुसून समोरची पाटी दाखवली. "तिथे लेडी डॉक्टर आहे. मासा आणि लाज, दोन्ही माझ्याकडे ठेवून जा."

आठवड्यात मासाही सुलटा झाला आणि मीही. हल्ली नात काही सांगायला अडखळली, की मी एक डोळा मिटून विचारते, "बरं, माशाला काय होतंय?"