कार्पेटवरचा कापूर

सिंगापुरात मरीन परेडला निशिकांतने जुना फ्लॅट घेतला, तेव्हा बाकी सगळं चटकन ठरलं. ओटा, कपाटं, दिवे, पडद्यांचा रंग. गाडी अडली ती बेडरूमच्या जमिनीवर. त्याच्या वडिलांनी, प्रबोधराव गोवंड्यांनी, हट्ट धरला होता. त्यांना कार्पेट नको होतं.

"बाबा, तुमच्यासाठीच घालतोय," निशिकांत म्हणाला. "आम्हाला व्हिनाईल, जाईला व्हिनाईल. कार्पेट फक्त तुमच्या खोलीत."

"मलाही तेच घाल. नाहीतर टाइल्स. साधं, पुसता येईल असं."

"टाइल्सवर घसरलात ना? तुम्हीच म्हणालात, फार गुळगुळीत आहेत."

प्रबोधराव तसं म्हणाले होते खरे.

ते पडले ते आधीच्या, क्लेमेंटीच्या भाड्याच्या घरात. दुपारी डोळा लागला होता. जाग आली तेव्हा पायजमा ओला होता, चादर ओली होती. घाईघाईने उठले. पलंगाशीही ओल होती, तिच्यावरून पाय सरकला आणि ते कुशीवर आदळले. सून मेधा त्या दिवशी घरूनच काम करत होती. ती धावत आली.

"काय झालं, बाबा?"

"तांब्या कलंडला. आणि तुमच्या या टाइल्स. बर्फ आहे नुसता."

तांब्या उशाशी काठोकाठ भरलेला होता. मेधाच्या ते ध्यानात आलं नाही. तिचं सगळं लक्ष त्यांच्या कमरेकडे होतं. तिचे स्वतःचे वडील खुब्याचं हाड मोडून जे अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. एक्स-रे चांगला आला तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. कार्पेटचा आग्रह मुळात तिचा होता. तिला नाही म्हणायला प्रबोधरावांकडे एकच खरं कारण होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं.

मग त्यांनी दुसरी कारणं काढली. नगरच्या कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं होतं, कारणांना तोटा नव्हता. शोरूममध्ये ते हवेतल्या दमटपणावर बोलले, बुरशीवर बोलले, धुळीतल्या किड्यांवर बोलले. तिथला विक्रेताही त्यांच्या बाजूने झाला. इथे बेडरूमला कार्पेट कोणी घालत नाही, म्हणाला. निशिकांतने हसून मान हलवली.

"खोलीला एसी आहे, बाबा. आणि तुम्ही पडलात तर बुरशीला काय विचारायचं?"

नात जाई नमुन्यांवर पाय ठेवून बघत होती. इथल्या पोरांसारखी तीही वाक्याला 'लाह' जोडायची. "आबा, धिस वन सो सॉफ्ट लाह. तू याच्यावर उड्या मारू शकतोस."

सगळे हसले. प्रबोधरावही हसले. करड्या रंगाचं कार्पेट ठरलं.

ज्याने जन्मभर लोकांकडे पुरावा मागितला, त्या माणसाची ही गत झाली होती. नगरच्या पंचक्रोशीत कुठे एखादा बाबा चमत्कार करायला लागला, की प्रबोधराव विद्यार्थ्यांना घेऊन सायकलवरून तिथे हजर. जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवायचे आणि तो का भाजत नाही ते समजावून सांगायचे. घरात देव्हारा नव्हता. त्यांच्या पत्नीला, विनीताबाईंना, गणपती हवा असायचा. दर वर्षी श्रावण संपत आला की त्या एकदा विचारायच्या.

"दीड दिवसाचा तरी?"

"ज्यावर माझा विश्वास नाही ते मी घरात मांडणार नाही. तो खोटेपणा होईल."

त्या पुन्हा बोलायच्या नाहीत. शेजारच्यांच्या आरतीला जाऊन यायच्या. येताना प्रसाद आणायच्या तो मात्र प्रबोधराव खायचे. त्या गेल्यावर निशिकांत त्यांना सिंगापूरला घेऊन आला.

कार्पेट पसरलं त्यानंतर काही आठवडे बरे गेले. दुपारचं झोपणं त्यांनी सोडून दिलं. चहा बंद केला. संध्याकाळनंतर पाणी प्यायचे नाहीत. ओठ कोरडे पडायचे. मेधा म्हणायची, इथल्या उकाड्यात पाणी प्यायला हवं, बाबा. ते पेला हातात घ्यायचे आणि बेसिनमध्ये ओतायचे.

मग एका दुपारी धो धो पाऊस आला, हवा गार झाली आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

जाग आली ती कार्पेटवरच्या गडद डागाकडे बघत. घरात कोणी नव्हतं. त्यांनी टॉवेल दाबला. दुसरा दाबला. साबणाचं पाणी घातलं. मग ते साबणाचं पाणी निघेना. मेधाचा केस वाळवायचा ड्रायर आणून ते गुडघ्यांवर बसले आणि डाग वाळवत राहिले. रंग हळूहळू परत आला. वास राहिला. जमीन असती तर एका फडक्यात काम झालं असतं. कार्पेटने सगळं आत ओढून धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बसने लिटल इंडियात गेले. तिथल्या दुकानात त्यांनी आधी फिनेल बघितलं. पण म्हाताऱ्याच्या खोलीतून फिनेलचा वास आला तर घरचे विचारतील, कशासाठी? शेजारच्या फळीवर धूप होता, उदबत्त्या होत्या, कापराच्या डब्या होत्या. त्यांच्या वासाबद्दल कोणी विचारत नाही.

त्यांनी तिन्ही घेतली. दुकानदाराने हिंदीत विचारलं, "पूजा किसकी है, साब?"

प्रबोधराव पैसे मोजत राहिले. त्याने आपणच गणपतीची एक छोटी फ्रेम पिशवीत टाकली. फुकट.

घरी आल्यावर त्यांनी डागावर चौरंग ठेवला. त्यावर फ्रेम. पुढे पितळी ताटली, ताटलीत कापूर. ज्या बोटांनी तो कापूर जिभेवर ठेवला होता त्याच बोटांनी काडी ओढली.

निशिकांत संध्याकाळी दारातच थबकला.

"बाबा! हे काय?"

"काही नाही. मनाला बरं वाटतं."

"पुरावा काय?" निशिकांतला हसू आवरेना. "नाही, तुम्हीच शिकवलंत. पुरावा दाखवा, मग नमस्कार करतो."

"गप्प बस रे," मेधा म्हणाली. तिने चप्पल नसलेले पायसुद्धा दाराबाहेर पुसले, आत आली आणि फ्रेमला हात जोडले. प्रबोधराव खिडकीबाहेर बघत राहिले. समुद्रात जहाजं उभी होती. त्यांच्या मनात आलं, ही बिचारी माझ्या मुताला नमस्कार करतेय.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मेधाची मैत्रीण सुलेखा भेटायला आली तेव्हा मुद्दाम खोलीत डोकावली. "काका, वय झालं की सगळे येतात हो वळणावर," असं म्हणाली. त्यांनी मान डोलावली. कापूर सकाळ-संध्याकाळ जळू लागला. जाई नाक दाबून पळायची. "आबा, सो स्मोकी! अलार्म वाजेल लाह!" पुन्हा एकदा डाग पडला. मग चौरंगाशेजारी समई आली.

आणि श्रावण संपत आला.

"बाबा, यंदा गणपती आणायचा," निशिकांत जेवताना म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "तुमच्या खोलीतच बसवू. आता तुमची हरकत नाही ना? आईला किती हवा होता."

प्रबोधरावांचा घास हातातच राहिला. हरकत नाही, असं ते म्हणाले की नुसती मान हलली, त्यांना नंतर आठवेना. मेधाने लगेच बोलावणी केली. ऑफिसातली दोन मराठी कुटुंबं, क्लेमेंटीचे जुने शेजारी, सुलेखा. सगळे खाली बसतील, कार्पेट आहेच, सतरंजी नको. तिने हे आनंदाने सांगितलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती व्हॅक्यूम क्लीनर घेऊन खोलीत आली. प्रबोधराव चौरंगापुढे उभे राहिले.

"इथलं राहू दे. मी करतो."

"तुम्ही कशाला वाकताय? सरका बरं." तिने चौरंग उचलला, समई उचलली. मग ती खाली बसली. कार्पेटवर दोन पिवळट वर्तुळं होती. तिने हात टेकवला, हात नाकाशी नेला.

मशीन चालूच होतं. तिने ते बंद केलं.

"बाबा."

प्रबोधराव पलंगाच्या कडेला बसले. "तांब्या..." त्यांनी सुरुवात केली.

मेधा उठून त्यांच्याशेजारी बसली. मग हलकेच म्हणाली, "याला औषध असतं. इथे पुष्कळांना होतं. आपण डॉक्टरकडे जाऊ. निशिकांतला मी सांगते की कार्पेटच्या धुळीने तुम्हाला खोकला येतोय. आजच काढून टाकू."

"चालेल," ते म्हणाले.

हे खोटं इतकं पटकन मान्य केलं की त्यांचं त्यांनाच ऐकवलं नाही.

निशिकांत चिडला. उद्या गणपती, पाहुणे येणार, आणि आज कार्पेट उपटायचं? "बाबा, खोकला मला कधी ऐकू नाही आला. कापरामुळे असेल. तो धूर जरा कमी करा. पण एवढा देव देव करताय, आईच्या वेळेला का नाही केलंत? ती दर वर्षी विचारायची. मी ऐकायचो आतून."

मेधा मध्ये पडली. "अरे, ॲलर्जी आहे..."

"ॲलर्जी नाही," प्रबोधराव म्हणाले. "मला झोपेत लघवी होते. कळत नाही. क्लेमेंटीला पडलो ते त्यामुळेच. कापूर वासासाठी आहे. देवबिव काही नाही."

निशिकांतची नजर कार्पेटवर गेली, वर्तुळांवर गेली आणि मग फ्रेमवर. कान लाल झाले. तो काय म्हणणार याची वाट बघत प्रबोधराव ताठ बसले होते, तपासलेला पेपर परत मिळायची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"चाकू कुठेय?" निशिकांत म्हणाला. "कडेपासून कापावं लागेल."

दोघा बापलेकांनी मिळून कार्पेट कापलं. म्हणजे कापलं निशिकांतने. प्रबोधराव टोक धरून मागे सरकत गेले. खाली जुन्या टाइल्स निघाल्या, गोंदाचे डाग असलेल्या, तरी गार. मेधाने फडकं ओलं करून आणलं. एकदा फिरवलं आणि खोली पुसली गेली. प्रबोधरावांनी अनवाणी पाय टेकला. तिने आधीच एक रबरी पायपुसणं पलंगाशी टाकलं होतं, उचलून धुता येण्यासारखं.

"सतरंज्या सुलेखाकडून आणते," ती म्हणाली. "गणपती आणायचा ना, बाबा? की..."

"आणा," ते म्हणाले. "विनीतासाठी आणा. मी आरतीला उभा राहीन. हात जोडणार नाही."

गुंडाळी जड होती. निशिकांतने एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं प्रबोधरावांनी धरलं. लिफ्टमध्ये, वरच्या शेजारणीकडून परतणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीही शिरल्या. भाजीची पिशवी सांभाळत त्यांनी गुंडाळीला बोट लावलं.

"वा, सो न्यू! व्हाय थ्रो?"

प्रबोधरावांनी श्वास घेतला. एकदा सांगून झालं होतं, पुन्हा सांगता येईल असं त्यांना वाटलं.

"कलर," निशिकांत घाईघाईने म्हणाला. "माय वाइफ डोन्ट लाइक द कलर."

आजी हसल्या. त्यांचा मजला आला, त्या उतरल्या. दार मिटलं. निशिकांत आकड्यांकडे बघत होता, वडिलांकडे बघत नव्हता. सांगावं लागलं नाही म्हणून प्रबोधरावांना एकदम हलकं वाटलं. आणि मग त्या हलकं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की त्यांनी गुंडाळीत तोंड लपवलं. तिला अजून कापराचा वास येत होता.