गोविंदकाकांचे मासे

उन्हाळ्यात लाइट गेली की आमच्या काचीगुड्याच्या घरासमोर राहणारे गोविंदकाका स्टुलावर चढायचे. आपल्या व्हरांड्यातल्या काचेच्या टाकीतलं पाणी पितळी लोट्यात भरून घ्यायचे आणि हातभर उंचीवरून परत टाकीत सोडायचे. पुन्हा भरायचे, पुन्हा सोडायचे. गल्लीतलं कुणीतरी म्हणायचंच, "चालू झाला माशांचा अभिषेक!" काका मान न वळवता म्हणत, "हसा, हसा. पंप बंद पडलाय. धारेबरोबर थोडी हवा आत जाते, तेवढ्यावर जीव धरतात बिचारे."

काका एका कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत साहाय्यक होते, तिथून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हतं. टाकीतले तीन सोनेरी मासे काकूंनी आणलेले. काकू गेल्या, मासे राहिले. मी त्यांच्याकडे गेले की गार पाण्याचा ग्लास पुढे यायचा आणि त्याबरोबर धडाही. "ग्लासाला घाम कायकू आला, सांग. हवा तापली की जास्त पाणी उचलते, गार पडली की ठेवून देते. पाण्याचं उलटं. ते तापलं की पोटातली हवा सोडून देतं." मी दहावीत होते. मला सगळं येतं असा माझा ठाम समज होता.

त्या मे महिन्यात काका लग्नासाठी परभणीला गेले आणि टाकी माझ्यावर सोपवून गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. मला वाटलं, भुकेले आहेत. मी दाणे टाकले. ते वरच राहिले, मी आणखी टाकले. संध्याकाळपर्यंत तिन्ही मासे उलटे तरंगत होते.

काका आले, त्यांनी वाकून टाकीत साचलेले दाणे पाहिले. आता बोलणी खाणार म्हणून मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "रडू नक्को पोरी. भूक लागली तरी तोंड उघडतं, दम कोंडला तरी उघडतं. नीट बघावं लागतं." नवे मासे त्यांनी कधीच आणले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

इतक्या वर्षांनी, मागच्या जूनमध्ये काका फार आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. दवाखान्यातून घरी पाठवलेलं होतं. बाहेर पावसाळी उकाडा, खोलीच्या खिडक्या बंद आणि कूलर जोरात. भिंतीसुद्धा चिकट झाल्या होत्या. काकांचं तोंड उघडं होतं आणि त्यांचा भाचा मोठ्या मायेने चमच्याने पेज भरवत होता. "बघा ताई, मामा तोंड उघडायलेत. भूक आहे अजून."

"थांबा," म्हणत मी चमचा काढूनच घेतला. काकांना उशांना टेकवून बसवलं, कूलरचं पाणी बंद केलं, खिडक्या उघडल्या. हवा आधीच पाण्यानं भरलेली, तिला आणखी काय पाजायचं? हळूहळू त्यांची धाप थोडी कमी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौ," ते म्हणाले. मग दम घेऊन, "नीट बघितलंस."

तिसऱ्या दिवशी ते गेले. लोटा मी भाच्याकडून मागून आणला. आता घरी इन्व्हर्टर आहे, लाइट गेल्याचं कळतही नाही. तरी मे महिन्याच्या दुपारी मी तो हातात घेऊन बसते आणि काकांची फार आठवण येते. मासे मेले त्या दुपारीही तो टाकीशेजारीच ठेवलेला होता.