नंदीच्या गळ्यातला कोरा पुठ्ठा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. "ताई, तुमचे दादा उठूनच नाही राहिले हो..." एवढंच ती म्हणाली. साकोलीत आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी ताट तसंच टाकून पळाले. दादा अंथरुणावर कुशीवर निजलेला, एक हात उशीखाली, लहानपणी निजायचा तसा. आता तेरवी होऊनही बरेच दिवस झाले. चहाच्या वेळी अजून पावलं तिकडेच वळतात, आणि दारात पोचल्यावर आठवतं की माझ्याशी भांडायला आत कोणी नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. आम्ही वाढलो जवाहरनगरला. बाबा फॅक्टरीत, सकाळी फॅक्टरीची बस आली की क्वार्टरांची अख्खी लाइन रिकामी व्हायची. आमच्या घरात बैल एकच, लाकडाचा. तान्ह्या पोळ्याला ओढायचा चाकांवरचा नंदी. पण दादाला जनावरांचं वेड असं, की विचारू नका! एकदा याने शाळेच्या डब्यातून खारीचं पिल्लू आणलं. आईने पोळी ठेवायला डबा उघडला आणि किंचाळलीच. "हे काय आणून राहिला रे मेल्या? उद्या साप आणशील!" पुढे आठ दिवस तो डबा खारीचा आणि दादाची पोळी कागदात.

नोकरी लागली ती दिघोरीकडच्या एका लहानशा गावात. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मधे तलाव, आणि शाळेच्या आवारात माणसांइतकीच जनावरं. तिथली पोरं कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधत, बेडकांना दगड मारत. दादा छडी उगारणारा नव्हता. तो पोरांना घेऊन त्या कुत्र्यापाशी जाऊन बसायचा आणि विचारायचा, "याले आता कसं वाटून राहिलं असेल, सांग बरं?" पोरं आधी फिदीफिदी हसायची. मग एखादं हळूच म्हणायचं, "भेव लागून राहिलं असंन, सर." शनिवारी घरी आला की मला हे सगळं असं सांगायचा, जसं काही त्याला मोठं बक्षीसच लागलंय. मी म्हणायची, "दादा, तुला सरकार गणित शिकवायचा पगार देतं ना रे?"

मग एका वर्षी त्याच्या डोक्यात नावांचं खूळ शिरलं. त्याचं म्हणणं, ज्याला आपण नावाने हाक मारतो त्याच्यावर काठी उगारताना हात अडखळतो. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर खाऊ मागत फिरतात. दादाने फर्मान काढलं, की यंदा नंदीबरोबर घरातलं एक जिवंत जनावरही शाळेत आणायचं आणि त्याच्या गळ्यात नावाचा पुठ्ठा बांधायचा. पुठ्ठे त्यानेच कापले, भोकं पाडून सुतळ्याही ओवल्या. गाव नुसतं पेटलं! कोणाची कोंबडी 'मास्तरीण' झाली, कोणाचं वासरू 'झुमकी'. एका पोराने चिखलणीच्या हेल्याचं, म्हणजे रेड्याचं, नाव 'सरपंच' ठेवलं, आणि ते खुद्द सरपंचांच्या कानावर गेलं. ते म्हणे, "बरं हाय, कोणी तरी काम करणारा सरपंच भेटला गावाले!"

चौथीत ममता नावाची पोरगी होती. तिच्या घरी एक बोकड होता, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. ती त्याला तलावाच्या पाळीवर चारायला न्यायची. दादाने नाव विचारलं तर मान हलवून म्हणाली, "त्या दिवशीच सांगतो, सर. आत्ता नाई." आणि कोरा पुठ्ठा घेऊन उड्या मारत घरी गेली.

आता झाडीपट्टीतल्या कोणत्याही माणसाला जे सांगावं लागत नाही, ते माझ्या भावाच्या डोक्यातच आलं नाही. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, पाडवा. त्या दिवशी घरोघरी मटण शिजतं, म्हणून त्या आठवड्यात गावोगावचे बोकड विकले जातात. खात तर आम्हीही होतो हो! पण आमच्याकडे ते बाबांच्या पिशवीतून यायचं. त्याला कपाळ नसायचं, ठिपका नसायचा. दादाने नेमका तोच दिवस धरला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ममताच्या घरून बोकड गेला. घरात नड होती आणि सौदा आधीच ठरलेला, बापाचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. पाडव्याला शाळेच्या आवारात हा कल्ला, कोंबड्या उडताहेत, हेला कोणाला जुमानत नाही, आणि त्यातून ममता एकटी चालत आली. लाकडी नंदी नाही, काही नाही. कोरा पुठ्ठा तिने दादाच्या टेबलावर ठेवला.

"सर, नाव देयाले काहून सांगतलं?"

एवढंच बोलून ती वळली. मागाहून तिची आई आली. भांडायला नव्हती आली बिचारी, उलट पोरीने सरांना उलटून विचारलं म्हणून ओशाळली होती. म्हणाली, "आमी ज्याले विकतो ना सर, त्याले नाव नाई देत. पोरीचं जेवणच तुटलं जी दोन दिसापासून." त्या शनिवारी दादा माझ्याकडे आला, ताटावर बसला आणि तसाच उठला.

ममता शाळेत येत राहिली, पण वर्गात ती पुन्हा तोंड उघडून बोलली नाही. पुढे पाचवीला दुसऱ्या गावी गेली. दादाने नावांचा खेळ कायमचा बंद केला. हातपंपाजवळ जनावरांसाठी सिमेंटचं टाकं बांधून घेतलं आणि पोरांना रोज ते भरायला लावलं, ज्याला तहान लागेल त्याने यावं आणि प्यावं. मी चिडायची त्याच्यावर. "अरे, एक बोकड विकला गेला म्हणून माया शिकवणं सोडशील का?" तो म्हणायचा, "सोडलं नाही गं. पण माया लावायला सांगताना, ती तुटली तर त्या पोराने काय करायचं, हे मला सांगता आलं पाहिजे ना? ते मला अजून येत नाही."

आमचा जुना लाकडी नंदी त्याच्या बैठकीत असायचा, एक चाक निखळलेला. तो कोरा पुठ्ठा दादाने त्याच्या गळ्यात बांधून ठेवला. दर पाडव्याला त्याच्याकडे बघून विचारायचा, "काय ठेवलं असेल गं तिने नाव?" निवृत्त होऊन साकोलीला आला तरी हेच. इथे ममता दिली आहे असं त्याला कळलं होतं. एकदा बाजारात दिसलीही, कडेवर लेकरू. मी म्हटलं, "जा ना, बोल!" तर हा मान खाली घालून भाजीवाल्याकडे वळला. "काय बोलू तिच्याशी?" असं म्हणत त्याने पाव किलोच्या ऐवजी दोन किलो वांगी घेतली. वहिनीने दोघांनाही झापलं.

गेल्या आठवड्यात ममता आली. कोणाकडून तरी उशिरा कळलं म्हणाली. बैठकीत बसली, पाणी प्यायली आणि तिची नजर नंदीवर गेली. उठून जवळ गेली. सुतळी चाचपून पाहिली.

"ताई, हा माहाच पुठ्ठा हाय ना जी?"

मी हो म्हटलं, आणि मला राहवेना. दादाने जन्मभर मला विचारलं ते मी तिला विचारलं. काय नाव ठेवलं होतंस गं?

"ठेवलंच नोतं ना," ती म्हणाली. "दोन नावं होती मनात. सोन्या का हिऱ्या. म्हटलं, त्या दिवशी सरायलेच इचारू, कोणतं चांगलं दिसते."

वहिनीने पदर तोंडाला लावला. मी विचारलं, राग होता का गं तुला? "लय राग होता. लहान होतो ना... मंग लेकरू झालं तवा समजलं, सरांनी वंगाळ काई सांगतलं नोतं. बाजारात दिसत, वाटे आवाज देऊ. पण ते मान खाली घालून जात. मले वाटलं, तेच माह्यावर रागावून हायेत."

अरे दादा... दोन किलो वांगी घेतलीस, पण एक हाक मारली नाहीस!

मी आतून पेन आणून तिच्यासमोर धरलं. म्हटलं, लिही, जे आवडेल ते. तिने पुठ्ठा हातात घेतला आणि पुन्हा नंदीच्या गळ्यात नीट सरळ केला.

"आता कोणाले इचारू जी?" ती म्हणाली.

वहिनी रोज सकाळी नंदी पुसते. पुठ्ठा कोराच आहे.