तणमोरासाठी काढलेला चष्मा

अकोल्यात राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीने तणमोराची उडी पाहिलेली नव्हती. सासरच्या बाकी सगळ्यांनी पाहिली होती. बाळापूर तालुक्यात त्यांचे शेत आहे आणि शेताला लागून दुसऱ्या मालकाचे गवताचे पडीत रान आहे. पावसाळ्यात त्या रानात तणमोर येतो. जागा याहून नेमकी लिहीत नाही. हे पक्षी आता थोडेच उरले आहेत.

नर साधारण कोंबड्याएवढा. मान आणि पोट काळे, पंखांवर पांढरे. एरवी तो गवतात असून नसल्यासारखा असतो. मादीला दिसावे म्हणून तो गवतातून पुरुषभर उंच उसळतो आणि लगेच खाली पडतो. पाहणाऱ्याने मान वळवेपर्यंत सगळे संपलेले असते. मात्र सकाळच्या वेळी तो एकाच जागेवरून थोड्याथोड्या वेळाने पुन्हा उडी मारतो.

बहीण निवृत्त शिक्षिका आहे. शाळेत असल्यापासून तिला चष्मा आहे. एका डोळ्याचा नंबर उणे पाच, दुसऱ्याचा उणे साडेचार. भाऊजींना फक्त वाचायला चष्मा लागतो. भाद्रपदातल्या एखाद्या रविवारी घरची मंडळी गाडीने शेतावर जायची. भाऊजींची जुनी, जड दुर्बीण बरोबर असायची. ते पक्षी शोधायचे, दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना लावून नीट करायचे आणि तिच्या हातात द्यायचे. "लावून देली हाये. चाकाले हात लावू नको." ती लावायची नाही. त्या घरात यंत्र भाऊजींनी लावून द्यायचे, मग ते विहिरीवरची मोटर असो की नवा फोन, आणि बाकीच्यांनी वापरायचे, अशी रीत होती.

चष्म्यावर दुर्बीण धरली की डोळा भिंगापासून लांब राहायचा आणि तिला कवडीएवढे गोल दिसायचे. पक्षी त्या गोलाच्या बाहेर उडी मारायचा. चष्मा काढला की समोर नुसते दूध. भोवती सगळे ताटकळलेले असायचे. शेवटी ती "दिसला" म्हणायची.

हे तिने मला गेल्या वर्षी फोनवर सांगितले. "मले तणमोर अजून दिसलाच नाही. घरात बोलू नको." पडीत रानाच्या मालकाने पुढच्या हंगामात तिथे तूर पेरायचे ठरवले होते. तिच्याकडे तेवढाच एक पावसाळा होता.

मी अमरावतीला असतो. वृत्तपत्रातली नोकरी संपल्यावर सकाळी तलावावर पक्षी पाहायला जाऊ लागलो. माझा नंबर उणे तीन. एका दमट सकाळी चष्म्यावर वाफ धरली, म्हणून तो खिशात ठेवला आणि दुर्बिणीचे चाक फिरवत राहिलो. नेहमीच्या खुणेच्या बऱ्याच पुढे गेल्यावर पलीकडच्या काठावरचा बगळा स्वच्छ दिसला. चष्मेवाल्याला विचारले. तो म्हणाला, जवळचेच दिसणाऱ्या डोळ्याचा नंबर ते चाक भरून काढते. फार मोठा असेल तर पुरत नाही. सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा, नंबर मात्र तसाच राहतो. बहिणीला एका डोळ्यात थोडा सिलिंडर आहे. तेवढ्याने बिघडणार नाही, असे त्याचे मत पडले.

त्याच वर्षी भाद्रपदात मी अकोल्याला गेलो आणि तिला हे सांगितले. रविवारी सकाळी आम्ही तिघेच निघालो. पांदण रस्त्यावर गाडी थांबवली आणि रानात उतरलो नाही. भाऊजींनी सवयीने दुर्बीण उचलली.

"थांब, लावून देतो."

"राहू द्या. आज मीच लावीन," बहीण म्हणाली.

"जमते काय तुले?"

"इतकी वर्षं पोरायले भूमिती शिकवली. एक चाक नाही फिरवता येनार?"

"भूमितीले चाक नसते," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पत्रकारसाहेब, तुमी शिकवून आनलं वाटते."

तिने चष्मा काढून गाडीत ठेवला. पट्टा गळ्यात अडकवला आणि कोपरे बोनेटवर टेकली. पक्षी उडायचा त्या झुडपाएवढ्याच अंतरावर बाभळीचे एक वाळलेले खोड होते. आधी त्यावर दुर्बीण धरायला मी सांगितले. उजवा डोळा मिटून डाव्यासाठी मधले चाक, मग डावा मिटून उजव्या भिंगाचे कडे.

"धूरच हाये नुसता."

"अजून फिरव, ताई."

"अवं, मोडशीन ते," भाऊजी म्हणाले.

ती फिरवत राहिली आणि एकाएकी थांबली.

"खोडावर सरडा बसला हाये."

"कुठी?" भाऊजी नुसत्या डोळ्यांनी पाहत होते. त्यांना सरडा दिसला नाही.

पक्षी कुठे आहे हे तिला चष्म्याशिवाय कळणार नव्हते. चष्मा लावून मी रानावर नजर ठेवली. पहिली उडी झाली तेव्हा मी "उडाला" म्हणालो. ती वळेपर्यंत गवत मिटले होते. मग मी तिचे खांदे धरून तिला त्या झुडपाच्या दिशेला वळवले आणि हलू नको म्हणालो. बराच वेळ काही झाले नाही. भाऊजींचा धीर सुटला. "दे इकडे, मी पाह्यतो कुठी गेला तं." त्यांनी हात पुढे केला. त्यांचे बोट चाकाला लागले असते तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

"हात लावू नका," ती दुर्बिणीतून डोळे न काढता म्हणाली.

भाऊजींनी हात मागे घेतला. तेवढ्यात पक्षी उडाला. मला एक काळा ठिपका वर फेकल्यासारखा दिसला आणि खाली गेला. बहीण दुर्बीण तशीच धरून राहिली. तो पुन्हा उडाला, त्यानंतर आणखी एकदा.

"त्याच्या डोक्यामागं बारीक तुरे हायेत," ती म्हणाली. "वर वळलेले. अन् वर गेला की पाय हालवते. हे तुमी कधी सांगतलं नाही."

"तुले दिसत होतं नं दरसाल. सांगाचं कायले?"

"दिसत नव्हतं."

"मंग दिसला काहून म्हनत होती?"

"तुमी लावून देत होते म्हनून."

 भाऊजींनी दुर्बीण मागितली, डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "हे तं सारं धुकं हाये."

"चाक फिरवा. तुमच्या डोयाचं ते तुमी पाहा."

त्यांनी फिरवले आणि एक उडी पाहिली. दुर्बीण परत देताना सवयीने म्हणाले, "लावून..." आणि थांबले. तिने ती घेतली, खोडावर धरली आणि आपली आपण पुन्हा लावली.