परातीतलं अरबस्तान

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते आणि पीएच.डी.च्या विषयावरून हट्टाला पेटले होते. अरबस्तानातली धूळ आपल्या समुद्रावरची वादळं वाढू देत नाही का, हा माझा प्रश्न. मार्गदर्शक सर पानाला चुना लावत म्हणाले, "वाळवंट तिकडं, वादळ समुद्रात आणि तुम्ही सांगलीत! ती धूळ इथवर येते एवढं तरी जूनपर्यंत दाखवा. नाहीतर विषय बदला."

बदलायचा म्हणजे ऊस घ्यायचा. सगळे उसावरच करत होते.

मी गच्चीवर स्टीलची परात ठेवून तीत काचेच्या गोट्या पसरल्या. गोट्यांच्या फटीत बसलेली धूळ पुन्हा उडत नाही. एप्रिलमध्ये तीन दिवस आभाळ मळकट झालं आणि परातीत पिवळा थर साचला. मी नाचतच सरांकडे गेले. त्यांनी बोटावर चुना घेऊन थरात कालवला. थर लालभडक झाला.

"हळद," सर म्हणाले. "हे अरबस्तान नव्हे, आपलं मार्केट यार्ड."

सांगलीत जन्म काढून मला हे सुचू नये! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचा रागही आला.

मेच्या सुट्टीत परात घेऊन मी कोयनानगर गाठलं आणि एक खोली भाड्यानं घेतली. समुद्राकडचा वारा घाट चढून तिथं येतो आणि तिथल्या तांबड्या मातीत चुनखडी नसते. वाळवंटी धुळीत असते आणि चुनखडी ॲसिडनं फसफसते. म्हणजे धूळ ॲसिडनं फसफसली, तर ती बाहेरची.

घरमालकीण हसायची. "आवं बाई, लोकं धूळ पुसत्यात, तुमी जपताय व्हय?"

ती दूध तापवत होती तेव्हा मी तिला समजावलं. वादळ म्हणजे समुद्रावरून वर चढणारी ऊबदार, ओली हवा. धुळीसोबत कोरडी हवा येते. ती ढगात शिरली की ढग सुकतो, हवा गार होऊन खाली येते आणि वादळाचा जोर मोडतो. यात धुळीचा वाटा किती आणि कोरड्या हवेचा किती, तेच मला शोधायचं होतं.

तिनं उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारली, तसं ते खाली बसलं. "मग आसं म्हना की. हे बसलं तसं."

इतकं सोपं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

पहिली परात वळवानं धुऊन नेली. मी पुसून पुन्हा मांडली. मग एकदाचं आभाळ धुरकटलं, दुपारचा सूर्य फिका पडला आणि गोट्यांवर फिकट, पिठासारखी धूळ बसली.

जूनमध्ये त्या धुळीची पुडी सरांपुढे ठेवली. त्यांनी आधी चिमूटभर धुळीला चुना लावून पाहिला. रंग बदलला नाही. मग मी उरलेल्या धुळीवर ॲसिडचा थेंब सोडला. बारीक बुडबुडे उठले.

"शेजारी कुणी घराला चुना देत नव्हतं ना? सिमेंटचं काम?"

"दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, सर. आधी दारोदार विचारलं, मगच परात ठेवली."

सरांनी माझ्या विषयाचा अर्ज ओढून सही केली. मग चुन्याची डबी माझ्याकडे सरकवली.

"ठेवा. पुढच्या परातीला लागेल."